गुळाच्या बरणीने पाहिलेले हात

मित्रांनो, चिनी मातीच्या बरणीला धक्का सोसत नाही, हे तुम्हाला आईने दहादा सांगितले असेल. तरी मला बसलेले धक्के ऐकाल तर मी अजून अखंड कशी, याचेच नवल कराल.

वरून पांढरी, खालून तपकिरी, अशी मी जुन्या घाटाची बरणी. भट्टीत भाजले, पेंढ्यात गुंडाळून मिरजेला उतरले आणि फिरत फिरत उंब्रजच्या बाजारात आले. तिथे लीलाबाईंनी बोटाने माझ्यावर टकटक केले, कान लावला आणि "खणखणीत हाय ही," म्हणून मला पाटीत घालून गावी नेले. पुढे कितीतरी वर्षे मी त्यांच्या घरचे आंब्याचे लोणचे सांभाळले. त्याला कधी बुरशी येऊ दिली नाही. शेजारणी वाटी घेऊन यायच्या आणि जाताना माझ्याकडे कौतुकाने बघायच्या.

मग एका दिवाळीत वरवंटा निसटला आणि माझ्या काठाचा टवका उडाला. झाकण नीट बसेना. लोणचे नव्या बरणीत गेले आणि मी कोपऱ्यात पालथी पडले. त्या दिवसांची आठवणसुद्धा नको. पण घर उसाचे, गुऱ्हाळ घरचे. माळ्यावर गुळाच्या ढेपा असत आणि फोडलेला रोजचा गूळ ठेवायला काहीतरी हवे होते. तेव्हा मला धुऊनपुसून चुलीशेजारच्या खालच्या फळीवर बसवले. आलेल्या पाहुण्याला गूळपाणी माझ्यातूनच जाई. मी पुन्हा माणसांत आले.

नव्वदीचे दशक नुकते लागले होते, तेव्हाची ही हकिकत. लीलाबाईंचा धाकटा मुलगा बाळासो फौजेत होता, दूर जम्मूकडे. त्याची बायको अंकिता आणि पोरगा धैर्यशील इथे गावी. धैर्यशील दोन वर्षांचा झाला आणि त्याने जेवण सोडले. सोडले म्हणजे, घास समोर आला की ओठ असे मिटायचे, की सुपारीच्या अडकित्त्यानेही उघडू नयेत. चुकून एखादा घास आत गेलाच तर गालात धरून बसायचा आणि आईची पाठ वळली की थुंकून टाकायचा.

अंकिताने काय करायचे बाकी ठेवले! मुगाची मऊ खिचडी केली, तुपाची धार सोडून. नाचणीची खीर केली. पालक बारीक चिरून थालीपिठात लपवला. रताळे उकडून दुधात कुस्करले. अंड्याची पोळी केली. तळहाताएवढ्या भाकरीच्या चांदक्या थापल्या, त्यांना शेंगदाण्याचे डोळे लावले आणि एक घास चिऊचा, एक घास काऊचा करत ती अंगणभर त्याच्यामागे फिरली. चिऊ-काऊ जेवून तृप्त झाले. धैर्यशील उपाशीच.

"हवा खाऊन जगतंय माझं पोर," लीलाबाई येईल त्याला सांगायच्या.

आणि मित्रांनो, पहिला धक्का मला तिथेच बसला! कारण एका सकाळी, अंकिता आडावर गेलेली असताना, या लीलाबाईंनीच माझे झाकण उचलले होते. सुपारीएवढा खडा नातवाच्या तोंडात घालून त्या म्हणाल्या होत्या, "खा माज्या राजा. तुज्या आईच्या हाताला चवच न्हाई." मी अवाक् झाले. चांगली देवमाणूस बाई, आणि धडधडीत खोटे?

दुसरा धक्का आजोबांचा. जोतिबा आबा म्हणजे करडा माणूस, ते घरात आले की भांडीसुद्धा आवाज करत नसत. ते मळ्यातून आले, इकडे तिकडे पाहिले आणि चोरासारखा माझ्यात हात घातला. एक खडा नातवाला, एक स्वतःच्या बंडीच्या खिशात, पुढच्या वेळेसाठी. "कुणाला सांगू नगंस," त्यांनी पोराला बजावले. पोराला धड बोलता येत नव्हते, तो कोणाला सांगणार? मी सगळे जाणत होते, पण मला तोंड असून उपयोग काय? आजीला आजोबांचे ठाऊक नाही, आजोबांना आजीचे ठाऊक नाही, आणि दोघे मिळून सुनेला म्हणतात, पोर खात नाही!

अंकितावर मात्र माझा पूर्ण विश्वास होता. तिचा हात माझ्यात कधी आलाच नाही. सगळ्या घरात ती एक खरी, असे मी स्वतःला सांगत असे.

एके दिवशी लीलाबाईंनी निकाल लावला. "बाळासो सुट्टीवर यील. तोवर पोरानं अंग धरलं तर ठीक. न्हाईतर साताऱ्याला थोरल्या सुनंकडं ठेवू. तिच्या पोरांच्या पंगतीत बसलं की आपसूक खाईल."

"आत्या, आवं, माज्याशिवाय झोपत न्हाई त्यो," अंकिता म्हणाली. सासूला आत्या म्हणायची आमच्याकडे रीत आहे. सासू उठून बाहेर गेली. अंकिता चुलीकडे तोंड करून भाकरी थापत राहिली. त्या भाकरीवर पाणी जरा जास्तच पडले, आणि ते सगळे वाटीतले नव्हते.

बाळासो आला. काळी ट्रंक खाली ठेवून त्याने पोराला उचलले आणि त्याचा चेहराच उतरला. "लय हलकं हाय गं," एवढेच तो म्हणाला. अंकिताने मान खाली घातली. धैर्यशील या परक्या मिशीवाल्याला बघून किंचाळला तो थांबेना. मग घरात कोणी नाही असे पाहून हा बाप पोराला घेऊन कुठे आला असेल? माझ्यापाशी! "बापाकडं ये, तुला गूळ देतो." जो जवान बर्फात पहारा देतो, तो पोराच्या दोन अश्रूंपुढे सपशेल शरण! मी पुरती हबकले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साताऱ्याला जायचे ठरले. अंकिता स्वयंपाकघरात बसून पोराची झबली घडी करून पिशवीत भरत होती. एक झबले तिने झटकले आणि ओरडली. खिशात गुळाचा खडा, आणि त्याला लालभडक मुंग्या लागलेल्या!

"ह्याला गूळ कुणी दिला?"

सगळे नजर चुकवायला लागले. पण मुंग्यांना कोणाची भीड? आबा दारात उभे होते, ते एकाएकी छाती खाजवायला लागले. बंडीच्या खिशातून मुंग्यांची रांग वर गळ्याकडे निघाली होती. बाळासोच्या खिशातही मुंग्या शिरल्या होत्या, त्याने नवा शर्ट काढून फेकला. लीलाबाईंनी पानाला हात घालावा म्हणून पानसुपारीची चंची सोडली, तर सुपारीच्या कप्प्यात सुपारी कमी, गूळ आणि मुंग्या जास्त.

"आवं, तुमी बी?" लीलाबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"तू बी?" आबा म्हणाले.

मला इतका आनंद झाला! आता अंकिता सगळ्यांना बोलणार, चांगले खडसावणार, असे वाटले. ती उठली. आणि तेवढ्यात धैर्यशील लुटुलुटु तिच्याजवळ गेला आणि सवयीने तिच्या पदराची गाठ ओढायला लागला.

अंकिताचा चेहरा पांढरा झाला. तिने स्वतःच गाठ सोडली. आत गूळ होता.

मित्रांनो, वरवंटा बसला तेव्हासुद्धा मी इतकी हादरले नव्हते. हिने माझ्यात हात घातला नाही, कारण ही माळ्यावरच्या ढेपेचा गूळ फोडून आणत होती! "एक घास घेतला की एक खडा द्यायची," ती खालच्या आवाजात म्हणाली. "मग घास थुकून नुसता खडाच खायला लागला. तरी देत ऱ्हायले. निदान कायतरी पोटात जातंय म्हणून."

कोणी हसले नाही. चार माणसांच्या मायेने एक पोर उपाशी ठेवले होते आणि ते चौघांनाही एकदमच कळले होते.

मग अंकिता सासूसमोर उभी राहिली. "आत्या, आजचा दिस मला द्या. गूळ कुणीबी द्यायचा न्हाई. मी बी न्हाई. तरी न्हाई जेवला तर उद्या मी सोता त्याची पिशवी भरीन."

तिने माझ्या तोंडावर दादरा बांधला, म्हणजे फडके हो, लोणच्याच्या बरणीला बांधतात ते, आणि मला वरच्या फळीवर ठेवले. त्यानंतरचा गोंधळ मी वरून पाहिला. धैर्यशील माझ्याकडे हात करून रडला, लोळला, पाय आपटले. आबा गोठ्यात जाऊन बसले. लीलाबाई फळीखाली येऊन उभ्या राहिल्या, हात वर गेला, आणि तसाच खाली आला. माझा तर जीव टांगणीला लागला.

दुपारी बाळासो जेवायला बसला. साधी ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, कांदा. रडून दमलेले पोर बापाच्या ताटापाशी येऊन उभे राहिले. बराच वेळ ताटाकडे बघितले. मग स्वतःच्या हाताने भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला. तिखट लागले, हाऽ हाऽ केले, आणि दुसरा तुकडा उचलला. ना चिऊ लागली, ना काऊ. शेंगदाण्याचे डोळे तर नाहीतच. अंकिताने थोडी भाकरी आमटीत कुस्करून ताटाच्या कडेला सरकवली आणि भिंतीकडे तोंड फिरवले, पोराने बघितले तर थांबेल म्हणून. तिचे खांदे हलत होते. ताटाची ती कड रिकामी झाली तेव्हा लीलाबाई उठल्या, पिशवीतली झबली एकेक करून बाहेर काढली आणि परत दोरीवर टाकली.

त्यानंतर मी चार-पाच वर्षे वरच्या फळीवर धूळ खात होते. आता पुन्हा खाली आले आहे, कारण पोर मोठे झाले आणि पाहुण्यांना गूळपाणी द्यावेच लागते. म्हणून तुम्हाला विनवते, माझ्यासारख्या बरणीला जपा. फुटू देऊ नका. पण त्याहून जास्त, झाकण उघडण्याआधी घरातल्या बाकीच्यांना एकदा विचारा. माया करायची तर सर्वांसमोर करा.

हे सगळे मी आजच का सांगते आहे? धैर्यशील आता शाळेत जातो, चांगला दणकट झाला आहे. त्याची धाकटी बहीण चिमी नुकती चालायला लागली आहे आणि दोन दिवसांपासून खिचडीला तोंड लावत नाही. अंकिता काळजीत आहे. आणि आज सकाळी, आई आडावर गेलेली असताना, शाळेचे दप्तर पाठीवर घेऊन धैर्यशील माझ्यापाशी आला, इकडे तिकडे पाहिले, माझे झाकण उचलले, चिमीच्या तोंडात खडा घातला आणि तिच्या कानाशी लागून म्हणाला,

"कुणाला सांगू नगंस."