भोंग्यावरचं नाव

गव्हाची पेरणी आटोपली होती. सकाळीच खांबावरचा भोंगा खरखरला. "साठीच्या पुढच्यांना फ्लूची आणि न्यूमोनियाची लस आहे. नाव पुकारलं की दवाखान्यात या." मागल्या अंगणातल्या खोलीत फान सूह्वा वाफवलेला पाव मोडत एकेक नाव ऐकत होती. तिचं आलंच नाही.

येणार कसं? गावाच्या यादीत ती तीन वर्षं लेकीकडे शहरात होती. मुलानं, चिन्हायनं, तसं लिहून दिलं होतं. घराला एचआयव्हीचं नाव नको! तरुणपणी रक्त विकून तिनं या घराच्या विटा आणल्या, त्याच सुयांनी तिला हा आजार दिला, आणि आता त्याच विटांच्या आड तिला लपवलं होतं. याला म्हणे अब्रू. तिचा वाडगा वेगळा, जेवायच्या काड्या वेगळ्या. नातवाचा आवाज तेवढा भिंतीपलीकडून यायचा.

गेल्या थंडीत छाती भरली, तेव्हा आठ दिवस ती एकटीच खोकत पडली होती. नंतर गुपचूप गोळ्या आणायला गेली, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "एचआयव्हीच्या गोळ्या छान लागू पडल्यात, काकू. पण पुन्हा न्यूमोनिया झाला तर झेपायचा नाही. लस चुकवू नका." तशी चिठ्ठीही दिली होती.

तिनं कोट चढवला. अंगणात सून आडवी आली. "आई, कुठं निघालात? लोक बघतील."

"बघू देत. मेल्यावर बघायला येतीलच की."

चिन्हाय खाली मान घालून म्हणाला, "शाळेत पोराशेजारी कुणी बसणार नाही, आई."

नातवावर तिचा फार जीव. "माझ्याशेजारी तरी कोण बसतं रे?" एवढंच म्हणून ती निघाली.

दवाखान्यात गावचे डॉक्टर गुओ यादी चाळत गोंधळले. "काकू, तुम्ही तर शहरात होतात ना?"

"मागच्या खोलीत होते. एचआयव्ही आहे मला." तिनं चिठ्ठी पुढं केली.

गुओंनी ती दोनदा वाचली. "बरं. नाव घालतो. बाही वर करा."

"आधी भोंग्यावर पुकारा. बाकीच्यांना पुकारलंत तसं."

त्यांनी टेबलावरचा भोंग्याचा माईक ओढला. "फान सूह्वा." नाव शेतापर्यंत गेलं. घरी चिन्हायच्या हातातला घास तसाच राहिला.

लस घेतल्यावर अर्धा तास थांबायचा नियम होता. सूह्वा बाकावर बसली. तिथं आधी बसलेले बाकी सगळे उठून भिंतीला टेकून उभे राहिले. बाक चांगला चार माणसांचा होता.

तुम्ही तिथं असता, तर कुठं बसला असता?