दहा मिनिटांची कोंबडी

समिधाच्या हातून एकच चूक झाली. तिने कोंबडी दहा मिनिटांत करून दाखवली, आणि तीही चारचौघांदेखत.

बाईने एखादं काम लवकर उरकलं की उरलेला वेळ तिचा होत नाही, घराचा होतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. बोईसरला औषधांच्या कारखान्यात, लॅबमध्ये, ती सात वर्षं नमुने तपासत होती. आता तिथे प्रमुखाची जागा रिकामी झाली होती आणि त्यासाठी कंपनीची लेखी परीक्षा होती, सोमवारी सकाळी दहाला. जागा एक, बसणारे चौघे. बाकीचे तिघे पुरुष, संध्याकाळी घरी गेले की वाढलेल्या ताटावर बसणारे. समिधा कंपनीच्या बसमधून माकुणसारला, सासरच्या गावी, उतरायची तेव्हा साडेसहा झालेले असत आणि ताट वाढायचं तिलाच असे.

मग लॅबमधल्या प्रियंकाने एक दिवस डब्यात चायनीज चिकन आणलं. बोनलेस चिकनच्या बोटभर पट्ट्या कापायच्या, त्यांना सोया सॉस आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर चोळायचं. कढई धूर निघेपर्यंत तापवायची, तेल दोनच चमचे, आलं-लसूण, त्यात चिकन, वर ढोबळी मिरची, कोबी, पातीचा कांदा. मोठ्या आचेवर भराभर परतायचं, शेवटी व्हिनेगरचा शिपका. भाज्या दाताखाली करकरल्या पाहिजेत. ना खोबरं, ना वाटण.

"ही काय कोंबडी झाली? कच्चा कोबी नि वर काळं पाणी," असं म्हणून माईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, नाक मुरडलं होतं. पण समिधाला रोजचा एक तास मिळाला. सात ते आठ. खोलीचं दार लोटून ती पुस्तक उघडायची, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिला वाटलं की दिवसातलं काहीतरी आपल्या नावावर आहे.

ते ललितला, तिच्या नवऱ्याला, बघवलं नाही असं म्हणता येणार नाही. त्याला ते दिसलंच नाही. त्याला दिसली ती फुशारकी मारायची सोय. "आमची समिधा दहा मिनिटांत चायनीज करते!" मंगळवारी दोन मित्र आले. शुक्रवारी त्याची चुलत बहीण दीपाली, मुलांसकट. दर वेळी तेच, दहा मिनिटांचं तर काम. बोट दिलं की हात धरतात ते हे असं. तासाचा अर्धा तास झाला, अर्ध्याची पंधरा मिनिटं.

शनिवारी तिने सगळ्यांना स्पष्ट बजावलं, "उद्या मला हाक मारू नका. दोन धडे राहिलेत." रविवारी पहाटे उठून तिने वरण-भात, भाजी करून झाकून ठेवलं आणि खोलीत जाऊन बसली.

सव्वाबाराला अंगणात गाडी थांबली.

ललितचा कॉलेजातला मित्र विपुल, त्याची बायको किंजल, दोन मुलं, वर एक मेहुणा-मेहुणी. केळव्याला समुद्रावर आले होते, ललितने तिथून उचलून आणले. खोलीचं दार न वाजवताच तो आत शिरला.

"समिधा, सहा जण हायेत. ते तुझं चायनीज कर पटकन."

"उद्या माझी परीक्षा हाय."

"म्हणून तर पटकन म्हटलं. दहा मिनिटांत मोकळी होशील, मग बस की अभ्यासाला. कोणी अडवलंय तुला?"

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. उत्तर ओठावर आलं होतं, पण बाहेर पाहुणे होते, आणि पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून बाया जे करतात तेच तिने केलं. पुस्तकात पेन्सिल ठेवली आणि उठली.

स्वयंपाकघरात ओट्यावर पिशवी होती. तिने उघडली. आत साफ केलेला कोंबडा, मांस गडद लाल, चरबी पिवळीधमक, पायांच्या मागचे काटे बोटभर वाढलेले. दोन वर्षांचा तरी असेल.

"कोंबडीवाल्या हिराकडचा हाय," ललित म्हणाला. "मुंबईत असला बघायला मिळत नाय."

"अहो, पण हा गावठी—"

"माहीत हाय मला! म्हणून तर आणला. पाहुण्यांना काय ब्रॉयलर खायला घालतेस? तू तुझं कर. परतायचं नि द्यायचं, त्यात काय हाय?"

समिधा त्याच्याकडे बघत राहिली. तो चेष्टा करत नव्हता. चाळीस वर्षांचा हा माणूस, दर रविवारी गावठी कोंबडीवर ताव मारून वाढलेला. ती शिजायला किती वेळ लागतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. कधीच नव्हतं.

तिने कोपऱ्यात पाहिलं. माई खाली बसून नारळ खवत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हातातली वाटी त्यांनी परातीत ठेवली आणि विळी आडवी केली.

"तो म्हणतो तसं कर," त्या म्हणाल्या.

"माई, पण हा—"

"तसंच कर. घड्याळ लाव."

समिधाने मोबाइलवर दहा मिनिटं लावली आणि सुरी उचलली. सुरी मांसात शिरेना, तेव्हा तिने सगळा राग मनगटात घातला. पट्ट्या जाड्याभरड्या निघाल्या. कढई धुरावली, लसूण चरचरला, पातीचा कांदा पडला. वास असा सुटला की बाहेरून विपुल ओरडला, "वहिनी, मान गए!" मोबाइल वाजला तसा तिने गॅस बंद केला, ताटं वाढली आणि खोलीच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहिली.

पहिला घास सगळ्यांनी हसत घेतला. मग बोलणं थांबलं. सहाही जबडे चालू होते. ललितचा सातवा.

विपुलच्या धाकट्याने विचारलं, "बाबा, हे गिळायचं कधी?"

किंजलने घास हळूच रुमालात घेतला. ललितचा चेहरा कोंबड्याच्या तुऱ्यासारखा झाला.

"समिधा! हे काय हाय? चामडं हाय नुसतं!"

"दहा मिनिटांचं काम हाय," ती म्हणाली. आवाज तिने खाली येऊ दिला नाही. "तुमीच सांगत फिरता सगळ्या गावाला."

"माई, तू तरी सांगायचंस ना हिला! तू होतीस तिथं!"

माई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हाताला खोबरं तसंच होतं.

"काय सांगू? तुला वाटलं गावठी कोंबडी दहा मिनिटांत होते. मग मी चाळीस वर्षं दर रविवारी सकाळी नऊपासून चुलीपुढं काय करत होते रं? झोपा काढत होते?"

ललित नुसता चावत राहिला. तोंडातला घास अजून संपला नव्हता.

"पाहुण्यांना वरण-भात वाढ. झाकून ठेवलाय हिनं. मग कढई उचल आणि हे सगळं शिजत घाल."

"मला काय येतं त्यातलं?"

"नाय ना येत? मग बस चुलीपुढं."

समिधा आत गेली. दार लावलं, पुस्तक उघडलं. राग इतका होता की एकच ओळ तिने चार वेळा वाचली आणि कळली नाही. पाचव्यांदा कळली.

दाराबाहेर पाट सरकवल्याचा आवाज झाला. माई तिथेच, दाराला पाठ लावून बसल्या.

"माई, आणि किती वेळ लागेल हे?" स्वयंपाकघरातून ललितने ओरडून विचारलं.

"आजवर मला कधी विचारलंस?" माई म्हणाल्या. "बघत बस."