दहाव्या ओळीतलं नाव

"आत्या, घरातली माणसं सोडून तुला मत देणार तरी कोण?"

हा प्रश्न माझा नव्हता. रुची आणि नूतननं पैज लावली होती. विचारून दाखव, केळीच्या वेफर्सचं मोठं पाकीट तुझं. त्या दोघी फाटकाबाहेर सायकली धरून उभ्या होत्या आणि मी ओट्यावर आत्यासमोर. जानेवारीत धुळ्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला होता आणि तेव्हापासून मला कशाचीच भीती वाटेनाशी झाली होती. कुणालाही काहीही विचारू शकते, कुठलंही उत्तर देऊ शकते, असं वाटायचं.

आत्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "दहा जण," ती म्हणाली.

"दहाच?"

"अपक्षाला दहा सूचक लागतात. दहा मतदारांनी सही करून सांगायचं की या बाईला उभं राहू द्या. ती दहा मतं नक्की. पुढचं अकरावं मिळवायचं." मग तिनं फाटकाकडे पाहिलं. "पोरींनो, उन्हात काय उभ्या? आत या. आणि हिला पैजेचं काय ते देऊन टाका."

माझी आत्या, सुनंदा भंगाळे, लोकसभेला उभी राहणार होती.

बँकेत तिनं चौतीस वर्षं काढली. कारकून म्हणून लागली, मधली नऊ वर्षं धुळ्याला होती, शेवटी जळगावात शाखाधिकारी झाली. लग्न केलं नाही. राहायची आमच्याकडेच. तिची ख्याती एकच होती: अर्धवट भरलेला अर्ज ती घ्यायची नाही. पण परत करताना समोरच्या माणसाला खुर्ची द्यायची आणि कुठे काय राहिलंय त्यावर पेन्सिलनं बारीक टिंब काढायची. निवृत्त झाल्यावर तिनं आमच्या ओट्यावर दोन खुर्च्या आणि एक टेबल टाकलं. एक खुर्ची तिची, दुसरी येणाऱ्याची. पेन्शनचा अर्ज, हयातीचा दाखला, खात्यावरचं नाव बदलणं, काहीही घेऊन यावं. फुकट. सकाळी आठला पहिला माणूस फाटकाशी असायचा.

बरेच जण एकच रड घेऊन यायचे. भाजी विकणाऱ्या कमलबाईही त्यासाठीच आल्या. त्या मूळच्या धुळ्याकडच्या, लग्न होऊन जळगावात आलेल्या.

"अक्का, ते मशीन मन्हा आंगठा वळखतच नही. चाळीस वरीस कापूस येचा. रेघा कोठे राहिन्यात त्यावर?"

रेघा नाहीत म्हणून त्यांचं पेन्शन सात महिने अडलं होतं. यावर आत्यानं दिल्लीला पत्रं लिहिली होती. एक नाही, अकरा वर्षांत चाळीसेक. कुठूनच उत्तर नाही.

"उत्तर जाऊ दे," ती पप्पांना म्हणायची, "पत्राची पोच तरी द्यावी की नाही माणसानं?"

फेब्रुवारीत एकदा तिनं जेवता जेवता सांगितलं, मी उभी राहते. पप्पांच्या हातातला घास तसाच राहिला. तिच्या पत्रकावर एकच ओळ होती. निवडून आले तर आलेल्या प्रत्येक पत्राची पोच देईन. मम्मी म्हणाली, ताई, रस्ता, पाणी, कापूस, केळी, काहीतरी घाला ना. आत्या म्हणाली, "जे नक्की करू शकते तेच लिहिलंय." मोकळ्या चिन्हांच्या यादीत कॅल्क्युलेटर होता, तो मिळाला तर बरं, एवढी तिची हौस. कमलबाईंना तिनं यादीतलं ते चित्र दाखवलंही.

"मी पन सही करसू," कमलबाई म्हणाल्या. "पन आंगठाच शे माले."

"मग सही शिका."

"ह्या वयमा?"

"मी शिकवते."

आणि पुढे रोज दुपारी, भाजीची पाटी रिकामी झाली की, त्या आमच्या ओट्यावर यायच्या. क, म, ल. 'क' पटकन जमला. 'म' उलटा व्हायचा. 'ल' दोन भोपळ्यांसारखा सुटा पडायचा आणि कमलबाई त्याला शिव्या घालायच्या. मी माझ्या जुन्या वह्यांची कोरी पानं द्यायचे. अर्ज लवकर भरून टाक, असं पप्पांनी आत्याला दोनदा सांगितलं. एकाच्या जागी चार अर्ज भरता येतात, हेही सांगितलं. आत्या म्हणाली, "एकच भरायचा. नीट भरायचा. आणि कमलबाईंची सही झाल्यावर भरायचा."

म्हणून शेवटचा दिवस उजाडला. एप्रिलचं ऊन, रस्त्यावर कुत्रं नाही. तीनपर्यंत मुदत. कमलबाईंसकट नऊ सह्या झाल्या होत्या. दहावी प्रेमराजकाकांची, आत्याबरोबर बँकेत होते त्यांची. आत्या शपथपत्राच्या शिक्क्यासाठी जिल्हाधिकारी कचेरीकडे गेली आणि सह्यांचा कागद प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून मला दिला. "प्रेमराजकडून सही घे आणि सरळ तिकडेच ये. घाई करू नको."

प्रेमराजकाका दारातच उभे राहिले. आत बोलावलं नाही.

"बेटा, सुनंदाताईंना सांग, मुलाचं एक काम अडकलंय. माझं नाव कुठे दिसलं तर त्याला अडचण होईल. त्या समजून घेतील."

मी घाबरले नाही. हेच तर. मी घाबरायला हवं होतं. मी आत्याला फोन लावला आणि तिनं काही म्हणायच्या आधीच सांगितलं, "तू काळजी करू नको. अभिमन आबा आहेत ना, मी जाते त्यांच्याकडे."

अभिमन आबा आत्याच्या शाखेत शिपाई होते. बावीस वर्षं जळगावातच, पिंप्राळ्यात राहतात. रोज संध्याकाळी आमच्याकडे चहाला येतात, म्हणजे यायचे. मी सायकल दामटली. आबा बनियनवरच बाहेर आले.

"मले काय इचारते पोरी, कुठं सही करू तेवढं सांग."

सही झाली. मतदारयादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक हवा म्हटल्यावर त्यांनी देवाच्या फोटोमागून मागच्या निवडणुकीची चिठ्ठी काढली. मी आकडे उतरवले. तेवढ्यात आत्याचा फोन.

"भूमिका, आबांचं नाव आपल्याच मतदारसंघात आहे ना? चिठ्ठीवर वरती लिहिलेलं असतं. वाचून सांग."

चिठ्ठीवर वरती 'जामनेर' लिहिलं होतं. मी ते वाचलं. मनात म्हटलं, जामनेर तालुका आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि आबा तर इथेच राहतात. घड्याळात दोनला दहा मिनिटं कमी होती.

"हो आत्या," मी म्हणाले. "पाहिलं मी. बरोबर आहे."

आबा मूळचे पहूरचे. आमच्याकडे कितीतरी माणसं अशी आहेत. पोटासाठी शहरात आली, घर बांधलं, पोरांची लग्नं केली, पण मतदारयादीतलं नाव गावातच ठेवलं. ग्रामपंचायतीला भाऊबंदांचं एक मत कमी पडू नये म्हणून. आबा तर म्हणायचे, "माह्यं नाव गावातून निघंल ते मेल्यावरच." आणि पहूर ज्या जामनेर तालुक्यात आहे तो जिल्ह्यानं जळगावचा, पण लोकसभेला मत देतो रावेरात. हे मी आता झोपेतही सांगेन.

कचेरीत आत्याच्या हातात फाइल दिली तेव्हा अडीच वाजून गेले होते. तिनं दहाव्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "बघितलंस ना नीट?"

"हो गं."

चौतीस वर्षांत तिनं कुणाच्या 'हो' वर कागद पुढे पाठवला नव्हता. माझ्या 'हो' वर पाठवला.

दुसऱ्या दिवशी छाननी. मी, कमलबाई आणि आबा कचेरीबाहेर कडुनिंबाखाली थांबलो होतो. कमलबाईंनी लग्नाकार्याची साडी नेसली होती. आत्या आत गेली आणि पाऊण तासानं बाहेर आली. चालणं नेहमीसारखंच. पर्स काखेत, कागद पर्समध्ये.

"बाद झाला," ती म्हणाली. "आबांचं नाव रावेरच्या यादीत निघालं."

आबा खाली बसले. मी तोंड उघडलं तेवढ्यात मोबाईल समोर धरून एक बातमीदार आला. काय चुकलं मॅडम?

"एक सूचक दुसऱ्या मतदारसंघातले होते. कागद मी तपासायला हवा होता. चूक माझी आहे," आत्या म्हणाली. नीट, प्रत्येक शब्द सुटा.

कमलबाईंनी तिचा हात धरला. "अक्का, मन्ही सही ते बराबर व्हती ना?"

"तुमची सही सगळ्यांत चांगली होती."

रिक्षात ती मला एवढंच म्हणाली, "तू काही बोलायचं नाही. तुझं दहावीचं वर्ष सुरू होतंय." आणि मी काही बोलले नाही. स्टेजवर पाचशे माणसांसमोर बोलणारी मी.

मोबाईलवरची ती चित्रफीत गल्लीत सगळ्यांनी पाहिली. किराणा दुकानाच्या बन्सीलालकाकांनी साखर बांधता बांधता आत्याला म्हटलं, "चौतीस वर्षं लोकांचे अर्ज परत केले ताई, आता तुमचाच आला." आत्या हसली. शेंगदाणे घ्यायचे होते ते विसरून घरी आली.

त्यानंतर ओटा रिकामा पडायला लागला. आधी एक दिवस कुणी आलं नाही, वाटलं ऊन आहे. मग कळलं की लोक चौकातल्या सेवा केंद्रात पैसे देऊन अर्ज भरतायत. नूतनच्या आजीनं तर सांगूनच टाकलं, "बाईंना आता दिसत नसेल गं नीट." आत्या रोज आठला खुर्चीत बसायची. टेबल पुसायची. पेन्सिलला टोक काढायची. समोरची खुर्ची तशीच. आबांनी चहाला येणं बंद केलं. त्यांना वाटत होतं, सगळं त्यांच्यामुळे झालं. मी वेफर्सचं पाकीट फोडलंच नव्हतं. रुचीनं विचारलं, का गं? मी म्हटलं, दहा मतं झालीच नाहीत ना.

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी कमलबाई आल्या. ओट्यावर आत्या, पप्पा, मम्मी, मी, सगळेच होतो. बोटावरची शाई अजून ओली असल्यासारखं बोट त्यांनी वर धरलं होतं.

"अक्का, मी आंगठा दिन्हा नही. सही करी," त्या म्हणाल्या. "मंग मशीनवर बठ्ठी चित्रं देखी. वरथून खाले, खालथून वर. तुमनं ते हिशोबनं यंत्र कोठेच नही."

"कमलबाई, मी सांगितलं होतं ना, अर्ज बाद झाला."

"सांगं व्हतं. तरी मी देखं." त्यांनी बोट खाली घेतलं. "मंग शेवटनं बटन दाबं आनि उनू."

शेवटचं बटण म्हणजे नोटा, 'यांपैकी कोणीही नाही'. आत्यानं चष्मा काढला आणि पदरानं पुसायला लागली. बराच वेळ पुसत होती.

कमलबाई उठता उठता म्हणाल्या, "एक इचारू अक्का? तुम्ही इतल्या शिकेल. लोकेसना कागद तपासतस. तुमनी चूक व्हयीच कशी?"

"होते कधी कधी," आत्या म्हणाली. "वय झालं."

ती आत गेली. स्वयंपाकघरातून पाण्याचा आवाज आला, मग तोही थांबला. फाटकाकडे जाणाऱ्या कमलबाईंची पाठ दिसत होती. त्या समोरच्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या नव्हत्या, पायरीवरच बसल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

पप्पा पेपर वाचत होते आणि मम्मी गवार मोडत होती.

"पप्पा, मम्मी, मी तुम्हाला विचारत नाहीये, सांगतेय," मी म्हणाले. आवाज स्पर्धेतल्यासारखा निघाला नाही, अगदी बारीक निघाला. "उद्या सकाळी मी अभिमन आबांकडे जाणार आहे. मग कमलबाईंकडे, मग बाकीच्या आठ जणांकडे, मग बन्सीलालकाकांच्या दुकानात. आत्यानं मला वाचून सांग म्हटलं होतं आणि चिठ्ठीवर जामनेर वाचूनही मी बरोबर आहे म्हटलं, हे मी प्रत्येकाला सांगणार."

"अगं पण ताईंनीच सांगितलंय ना, तुझं नाव घ्यायचं नाही," मम्मी म्हणाली.

"माहितेय. आणि परवापासून सकाळी आठला, क्लासची वेळ होईपर्यंत, मी आत्यासमोरच्या त्या खुर्चीत बसणार आहे. कागद नीट वाचायला शिकायला."