काकूंच्या डोक्याआधी माझं डोकं

मित्रांनो, मी एक जुनं डोकं आहे, आणि तेही खोटं. मला नाक नाही, कान नाहीत, केसांचा तर पत्ताच नाही. एक जड गोल बैठक, तिच्यावर आकडे कोरलेल्या सरकत्या पट्ट्या आणि मधोमध वर टोक करून उभी असलेली बारीक सुई, एवढाच माझा संसार. तरी मेंदूच्या ऑपरेशनच्या खोलीत सगळे मला डोकंच म्हणतात, कारण खऱ्या डोक्यावर जे करायचं, ते आधी माझ्यावर करून बघतात.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. मला घडवणारा कारागीर मोठा चिकित्सक होता. भिंगातून माझं टोक बघायचा, मान हलवायचा आणि पुन्हा घासायला घ्यायचा. त्या वेळी मला त्याचा राग यायचा. आता कळतं, केसाएवढी चूकही त्याला का चालत नव्हती.

काही माणसांचा हात काम करायला उचलला की थरथरतो. औषधांनी भागलं नाही, तर मेंदूत खोलवर, जेमतेम वाटाण्याएवढ्या जागेत, एक बारीक तार ठेवतात. तिच्यातून हलकीशी वीज गेली की हात शांत होतो. पण त्या जागेवर नेमकं पोचायचं कसं? त्यासाठी रुग्णाच्या डोक्यावर धातूचं कडं घट्ट बसवतात आणि त्यावर एक कमान चढवतात. कमानीवर आकडे लावले की तिच्यातली सुई ठरल्या जागी जाते. तेच आकडे माझ्यावरही लावतात. मग कमान आधी माझ्यावर ठेवून सुई खाली सोडतात. तिचं टोक माझ्या टोकाला भेटलं, की समजायचं, सगळं बरोबर आहे.

सुरुवातीला माझा काय थाट होता! माझ्याशिवाय पान हलायचं नाही. पुढे नवे संगणक आले आणि कुणीतरी म्हणालं, "हे डोकं नुसता वेळ खातं." झालं, माझी रवानगी कपाटाच्या वर. लोक माझ्यावर ऑपरेशनच्या टोप्या टांगायला लागले. मग एक नव्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी टोप्या बाजूला केल्या, माझी एकेक पट्टी सरकवून पाहिली आणि ऑपरेशनच्या खोलीतल्या मदतनीस भाऊंना म्हणाल्या, "याला पुसून घ्या. उद्यापासून हे लागणार."

त्यानंतरच आमच्याकडे सलूनवाल्या काकू आल्या.

काकूंचं स्वतःचं सलून होतं. अर्ध्या गल्लीचे केस त्यांच्या हातून कापले गेलेले. पण उजवा हात थरथरायला लागला आणि एके दिवशी कात्री एका गिऱ्हाइकाच्या कानाला लागली. जखम किरकोळ होती, पण काकूंनी त्या दिवशी कात्री खाली ठेवली ती ठेवलीच. खुर्ची धाकट्या बहिणीने सांभाळली आणि काकू पडलेले केस झाडायला लागल्या.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरबाई संगणकावर वाट आखत बसल्या होत्या. शेजारी इंजिनीअर ताई होत्या आणि टेबलाच्या कडेला मी. पडद्यावर काकूंचा मेंदू होता. गंमत म्हणजे जिथे जायचं ती जागा चित्रात धड दिसतच नाही. म्हणून बाईंनी मेंदूच्या मध्यावरच्या दोन ओळखीच्या खुणा शोधल्या, त्यांना रेघेने जोडलं आणि त्या रेघेपासून मोजत मोजत जागा काढली. मग कवटीपासून तिथवर वाट टाकली, तर मधे रक्तवाहिनी आडवी. वाट सरकवली, तर ती मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीला घासायला लागली. बाई पुन्हा सरकवत होत्या, ताई श्वास रोखून बघत होत्या, आणि मला हातपाय असते तर मी उड्याच मारल्या असत्या. शेवटी एक वाट अशी निघाली, की तिला कुठेच धक्का लागत नव्हता.

बाईंनी काकू आणि काकांना आत बोलावून ती दाखवली. काकू बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.

"जन्मभर लोकांची डोकी बाहेरून बघितली," त्या म्हणाल्या. "आतून आज पहिल्यांदाच."

काका लगेच म्हणाले, "डॉक्टर, हिच्या डोक्यात काय चालतं ते तुम्हाला कळलं असेल, तर मलाही सांगून ठेवा."

मग काकूंनी मला न्याहाळलं. "आणि हे कोण?"

"हे तुमच्या आधीचं गिऱ्हाईक," बाई म्हणाल्या. "उद्या सुई आधी याच्याकडे जाईल, मग तुमच्याकडे."

"केस नाहीत याला. बिनकामाचं गिऱ्हाईक," काकू म्हणाल्या आणि हसल्या. पण जाताना त्यांनी थरथरत्या बोटांनी माझ्या बैठकीला हळूच हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कातडी बधिर करून काकूंच्या डोक्यावर कडं बसवलं. कड्यासकट मेंदूचे पुन्हा फोटो निघाले, ते कालच्या चित्रावर तंतोतंत बसवले आणि आकडे तयार झाले. इंजिनीअर ताईंनी पडद्यावर बघून ते माझ्यावर लावले. पलीकडे बाई मोठ्याने वाचत होत्या आणि भाऊ ऐकून कमानीवर लावत होते. सगळ्यांच्या तोंडावर मास्क होते. हात थांबतो का ते बघायचं होतं, म्हणून काकू जाग्याच होत्या.

कमान माझ्यावर चढली. सुई खाली आली, आली आणि थांबली. तिचं टोक माझ्या टोकाला लागलंच नाही. मधे करंगळीच्या नखाएवढं अंतर होतं.

ताईंनी वाकून पुन्हा पाहिलं.

"हेच वाकलं असेल," भाऊ माझ्याकडे बघून म्हणाले. "किती जुनं आहे. इतकी वर्षं कपाटावर पडलं होतं."

मित्रांनो, मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं, मी सरळच आहे!

"असेलही," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण हे आणि कमान, दोघांपैकी एक चुकतंय. कोण ते कळल्याशिवाय सुई काकूंच्या डोक्यात जाणार नाही. ताई, डोक्यावरचे आकडे वाचा."

ताईंनी वाचले. पडद्याशी जुळले.

"भाऊ, आता कमानीवरचे."

भाऊ वाचत गेले. शेवटच्या पट्टीवर आले. "पंच्याण्णव."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. "मी पंच्याऐंशी म्हणाले होते."

मास्कमधून पंच्याऐंशीचं पंच्याण्णव झालं होतं. भाऊंचे हात कमानीवरून खाली आले. बाई रागावतील असं मला वाटलं.

"मी वाचलं आणि तुमच्याकडून परत वदवून घेतलं नाही, तेव्हा चूक दोघांची," त्या म्हणाल्या. "सापडली ना? पुन्हा लावू. आता एकेक आकडा सुटा म्हणायचा. आठ, पाच."

"आठ, पाच," भाऊ म्हणाले.

सुई पुन्हा खाली आली आणि अलगद माझ्या टोकावर टेकली. तो इवलासा स्पर्श! त्याचा आनंद मी कसा सांगू तुम्हाला?

"काय झालं हो?" काकूंनी विचारलं.

बाई त्यांच्याजवळ गेल्या. "एक आकडा चुकला होता. तुमच्यापर्यंत यायच्या आत सापडला. आता बरोबर आहे."

 काकू म्हणाल्या, "कान कापायच्या आत आरसा बघितला म्हणायचा. चला, करा सुरू."

कमान माझ्यावरून उचलून काकूंच्या कड्यावर बसवली. मी कोपऱ्यातून बघत होतो. कवटीला छोटं भोक पाडलं, तार आत गेली, हलकी वीज सुरू झाली. "बोटांना मुंग्या येतायत," काकू म्हणाल्या. म्हणजे मोजून काढलेली जागा किंचित मागे पडली होती. बाईंनी तार काढून कमानीतल्या शेजारच्या, पुढल्या छिद्रातून सोडली आणि म्हणाल्या, "आता हात उचला."

काकूंनी हात उचलला. तो थरथरला, मग कमी थरथरला आणि मग थांबला. काकूंनी दोन बोटं हवेत धरली आणि उघडमीट करायला लागल्या, सावकाश, एका लयीत.

"काय करताय काकू?" बाईंनी विचारलं.

"मानेवरचे केस सारखे करतेय," काकू म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात हलत नव्हता.

काही महिन्यांनी काकू बाईंच्या खोलीत तपासणीला आल्या. तार आता कातडीखालून गळ्याजवळच्या छोट्या बॅटरीला जोडलेली होती. पर्समध्ये कंगवा होता आणि कात्रीही. भाऊ तिथेच मला पुसत होते. ते उभे राहिले, घुटमळले आणि म्हणाले, "काकू, त्या दिवशी आकडा चुकला तो माझ्या हातून."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या डोक्याकडे.

"केस फार वाढलेत तुमचे," त्या म्हणाल्या. "बसा खुर्चीत. आणि मान हलवू नका."

भाऊ बसले. डोळे मिटून, मान खाली घालून बसले. त्यांच्या कानामागे कात्री कचकच चालत राहिली आणि केस माझ्या बैठकीभोवती पडत राहिले.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखं एखादं जुनं मोजमापाचं साधन असेल, कुठे वजनकाटा, कुठे फूटपट्टी. त्याला आपटू नका, पुसून ठेवा. आणि त्याचं तुमच्याशी पटलं नाही, तर त्याला फेकून देण्याआधी आपला आकडा फक्त एकदा पुन्हा वाचा.