दोघा भावांच्या दोन गाड्या

गास गावात पूर आला होता आणि परवापासून वीज नव्हती. डिलनच्या पेट्रोल गाडीच्या बॉनेटखाली बेडूक निघाला. त्याच्या आयने सकाळची पेज नको म्हटलं.

दुपारी आयची छाती दुखू लागली. थोरल्या डेन्झिलची इलेक्ट्रिक गाडी ओट्याजवळच्या उंचवट्यावर कोरडी उभी होती, पण तिची बॅटरी त्याने परवाच मित्रांना फिरवण्यात संपवली होती.

“घे, वाचव पेट्रोल!” डिलन ओरडला.

“तुझी काढ की मग, इंजिनात पाणी भरलेली!”

वर्षभर हेच भांडण जेवताना चाले आणि आय हसायची. आता ती छाती धरून बसली होती. दोघांनी तिला खुर्चीत बसवून कमरेभर पाण्यातून दवाखान्याकडे उचलून नेलं. कोरडा रस्ता लागण्याआधीच डेन्झिलला तिचा हात गार लागला.

वर्षापूर्वी या दोन्ही नव्या गाड्यांवर फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं होतं, तेव्हा मेणबत्ती आयने धरली होती.