बिनतिकिटाचा प्रवासी

"शेवटचा खांब आडवा झाला म्हणे! आणि ती स्टिअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडत होती, म्हणजे आता..."

म्हणजे आता काय? तेवढ्यात फोनवर बोलणाऱ्या समोरच्या काकूंनी आत जाऊन दार लावलं आणि पुढचं वाक्य दारापलीकडे राहिलं. मला उठून दाराला कान लावता येत नाही. चार पाय असून उपयोग शून्य!

मी खुर्ची बोलतेय. जिच्यासाठी लोक एकमेकांची डोकी फोडतात ती नव्हे हो. मी तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी ठेवलेली साधी लाकडी खुर्ची. नसत्या चौकशा करायची मला खोड नाही. पण जिन्यात राहिलं की चढणाऱ्या-उतरणाऱ्यांचं अर्धंमुर्धं कानावर पडतंच, आणि उरलेलं कळेपर्यंत चैन पडत नाही, त्याला मी काय करू? त्यातून ही बातमी आमच्याच घरातल्या सुनेची. बस चालवायच्या परीक्षेला गेली होती ती. त्या परीक्षेत माझाही थोडा वाटा होता. कसला, ते सांगते.

मला घडवणारा सुतार अबोल होता. रंधा मारला, सांधे बसवले, पॉलिश केलं, पण तोंडातून शब्द नाही. सगळं झाल्यावर मात्र तो स्वतःच माझ्यावर बसला, डोळे मिटून मागे रेलला आणि "चालेल" म्हणाला. जन्मल्या जन्मल्या कुणी आपला सगळा भार आपल्यावर विश्वासानं टाकावा, यापरता मोठा आशीर्वाद मला तरी माहीत नाही.

पुढं मी एका दवाखान्यात गेले, बाहेरच्या खोलीत. तिथं एकेक पेशंट शेजारच्याला आपली हकीकत सांगू लागे, आणि ऐन रंगात आली की आतून हाक येई, "चला, पुढचे!" झालं, गोष्ट अर्धवटच. अर्धी गोष्ट ऐकून तळमळायची सवय मला तिथंच लागली.

दवाखान्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या तेव्हा तिथं झाडलोट करणाऱ्या बाईंनी मला मागून घेतलं. त्याच आमच्या आई, म्हणजे सुनेच्या सासूबाई. त्यांच्या धाकट्या मुलानं मला पाहिलं आणि नाक मुरडलं. "आई, ही खुर्ची आहे की सरपण? एक पाय आखूड आहे हिचा." आईंनी पुठ्ठ्याची घडी केली आणि माझ्या आखूड पायाखाली सरकवली. सरपण म्हणणाऱ्याच्या नाकावर टिच्चून मी उभी आहे, असं मला पुष्कळ दिवस वाटे. खरं म्हणजे मी त्या पुठ्ठ्यावर उभी होते. पण हे कळायला सुनेची फजिती व्हावी लागली.

मधली वर्षं फुकट गेली. मला जिन्यात काढलं आणि माझ्यावर रद्दी, ओल्या छत्र्या, कुणाची तरी उसवलेली पिशवी. बसायला मात्र कुणी नाही.

सून लॉन्ड्रीत इस्त्री करायची. तिचा नवरा बोटीवर कामाला, त्यामुळं घरी फोनवरच जास्त. शहराच्या बससेवेत चालक घ्यायचे ठरले आणि हिनं अर्ज केला. अवजड गाडीचं लायसन्स तिनं मोठ्या हौसेनं काढून ठेवलं होतं. परीक्षा अशी, की रोवलेल्या खांबांमधून बस मागं घ्यायची आणि एकाही खांबाला धक्का लागू द्यायचा नाही. संधी दोनच. दोन्ही हुकल्या की विषय संपला.

दीर म्हणाला, "वहिनी, इस्त्री मागं-पुढं करणं वेगळं आणि बस मागं घेणं वेगळं."

सून तेव्हा हसली. पण ते वाक्य तिच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं.

रोजच्या सरावाला बस कुठून आणणार? तिनं माझ्यावरची अडगळ उचलली, मला पुसलं आणि माझी बस केली. मोठ्या पातेल्याचं झाकण हे स्टिअरिंग, पायाशी तीन विटा, बादलीत उभा केलेला झाडूचा दांडा हा गिअर, आणि माझ्या दोन्ही हातांना बांधलेले दोन आरसे. किती वर्षांनी माझ्यावर माणूस बसलं! माझा ऊर भरून आला. पण ती दात-ओठ खाऊन झाकण फिरवायची, विटेवर पाय आपटायची आणि पुटपुटायची, "दाखवतेच भावजींना. दाखवतेच." माझे सांधे कुरकुरायचे. झाडूचा दांडाही मोडला एकदा.

पहिल्या परीक्षेला दीर मित्रांना घेऊन कुंपणाशी मजा बघायला उभा राहिला. सून घरी आली ती थेट माझ्यावर येऊन बसली, पर्सही न काढता.

"आई, आरशात मला खांब दिसलाच नाही. भावजींचंच तोंड दिसत होतं. ते हसतायत का, तेच बघत राहिले."

"मग त्याच्या अंगावर घालायची होतीस गाडी! खांबानं काय तुझं घोडं मारलं होतं?"

सुनेला रडता रडता हसू फुटलं. आई पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "माझाच मुलगा आहे, पण सांगते. इतके दिवस तू त्याला गाडीत बसवून फिरवतेयस. तोही बिनतिकिटाचा! उतरव त्याला आधी."

"उतरत नाहीत ना ते, आई."

"नाही उतरत? मग गाडी भरून टाक. जागाच उरली नाही तर उभा राहील कुठं?"

आणि गाडी भरली हो! दुसऱ्या दिवसापासून माझ्या मागच्या पायऱ्यांवर आई बसायला लागल्या, आरशात नीट दिसतील अशा. समोरच्या काकू भाजी निवडायला तिथंच यायच्या. लॉन्ड्रीवाल्यानं तिची कामाची पाळी बदलून दिली आणि स्वतःही एकदा येऊन बसून गेला. बोटीवरून नवऱ्याचा फोन आला की पहिला प्रश्न, "आज बस कुठवर गेली?" पायऱ्यांवर काठ्या उभ्या करून त्यांचे खांब केले. आई माझ्या पाठीवर थाप मारत म्हणायच्या, "येऊ दे, येऊ दे, डावीकडं थोडी... अगं, डावीकडं! गेला की खांब!" उगाच वाहवा नाही. चुकलं तर चुकलं म्हणायच्या, पण ते तिनं पोचावं म्हणून.

काकूंनी एकदा विचारलं, "काय गं, हल्ली 'दाखवते, दाखवते' करत नाहीस?"

"विसरले बाई," सून म्हणाली. "आई मागं बसल्यावर खांबच बघावे लागतात. नाहीतर पाठीत धपाटा बसतो."

खोटं! धपाटे मला बसत होते. पण असे धपाटे मला जन्मभर बसोत. झाकण आता अलगद फिरायचं आणि माझा एकही सांधा कुरकुरत नव्हता. विटेवरचा पाय हलका झाला, तेव्हाच मला पायाखालच्या पुठ्ठ्याची आठवण झाली आणि मी मनातल्या मनात आईंना हात जोडले.

म्हणून म्हणते, त्या दुपारी खांबाची बातमी ऐकून माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. ही दुसरी संधी होती, शेवटची.

जिन्यात पावलं वाजली. सासू-सुना वर येत होत्या. काकूंचं दार तत्काळ उघडलं. आमच्या दोघींचा स्वभाव एकच.

"रडू नकोस गं," काकू म्हणाल्या, "खांबच पडला ना? मेला खांब..."

"पडला," सून म्हणाली. डोळे सुजलेले होते, पण चेहरा दिव्यासारखा उजळला होता. "पण माझी बस थांबून, इंजिन बंद होऊन, साहेबांची सही झाल्यावर. मी आनंदानं रडत बसले, तर आईंना वाटलं मी नापास झाले. दोरीखालून धावत आल्या, तोल गेला आणि खांबाला मिठी मारली. खांब आडवा, ह्या त्याच्यावर!"

"लागलं का हो?" काकूंनी विचारलं.

"मला काय होतंय!" आई कंबर चोळत माझ्यावर टेकल्या. "धाकट्यानं उठवलं मला, आणि ही बसमधून उतरेपर्यंत निघूनही गेला."

"भावजी आले होते?" सून चकित झाली. "कुठं उभे होते?"

"कुंपणाशीच की. पहिल्यापासून."

"मला दिसलेच नाहीत," ती म्हणाली, आणि पुन्हा तिचे डोळे भरून आले.

आता ती शहरभर बस चालवते आणि मला त्यांनी आत खिडकीशी घेतलंय. आई माझ्यावर बसून रस्ता बघतात. माझी पाठ झिजली आहे, एक हात हलतो, पण तक्रार नाही. ज्यांनी माझ्यावर भार टाकला, त्यांच्यामुळंच मी खुर्ची राहिले. तुम्हालाही कुठं पोचायचं असेल तर तुमच्या आरशात कोण दिसतंय तेवढं एकदा बघा, एवढीच विनंती.

आणि काकूंनी फोनवर सांगितलेलं सगळंच काही खोटं नव्हतं. खांब पडला होता, सून रडली होती. फक्त परीक्षक साहेब म्हणाले होते, "सूनबाई पास. आजी, तुम्ही मात्र नापास!"