चालू मोटारीची पूजा

आपल्याकडे नव्या यंत्राला हार मिळतो, नारळ मिळतो. झाकण तेवढं मिळत नाही! सोलापुरातल्या आबासाहेबांच्या मागाच्या कारखान्यात दुसरं काय होणार? सुताच्या कांड्या भरायच्या यंत्राला त्यांनी विजेची मोटार जोडली आणि तिचा वेग कमीजास्त करायला भिंतीवर रेग्युलेटर बसवला. रुद्रप्पा इंजिनियरांनी बजावलं होतं, "रेग्युलेटरच्या उघड्या गुंड्यांत वीज खेळते. आधी त्यावर लोखंडी झाकण लावा, मोटारीच्या सांगाड्याची तार जमिनीत पुरा, मगच वीज सोडा." पण आबासाहेबांना रेग्युलेटरच्या पितळी गुंड्यांची चकाकी पाहुण्यांना दाखवायची होती. झाकण कोपऱ्यात पडलं. जमिनीत पुरायच्या तारेवर यांचं धोतर वाळत होतं!

खंडेनवमीला मंडळी जमली. पूजा चालू मोटारीचीच हवी, बंद मोटारीचा रुबाब तो काय! कुंकू लावायला सुवासिनी म्हणून कांड्या भरणाऱ्या गौरम्माला पुढं केलं.

"मालक, आदी वीज बंद करा की. हात वला हाय माजा," ती चाचरत म्हणाली.

"देवाचं काम हाय, काय हुत न्हाय! त्या गुंड्यांस्नी कुंकू लाव."

मालकापुढं बोलायची सोय नव्हती. गौरम्मानं बोट पुढं केलं.

"थांब बाई, हात मागं घे!" दारातून रुद्रप्पा ओरडले आणि धावत जाऊन त्यांनी मुख्य खटका खाली ओढला. मोटार थांबली.

"ऐन पूजेत अपशकुन केलासा!" आबासाहेब भडकले.

"बरं, वीज पुन्हा सोडतो," रुद्रप्पा म्हणाले. "पहिलं बोट तुम्ही लावा. ओलं करून."

आबासाहेबांचा हात झटकन पाठीमागं गेला. साऱ्या पाहुण्यांनी पाहिलं. गौरम्मानंही पाहिलं.

"म्हणजे धोका ठाऊक होता तर!" रुद्रप्पा म्हणाले. "मग या बाईला का पुढं ढकललंत? वीज बंद असली तर देव काय पूजा नाकारतो?"

आबासाहेबांना आधी अपमानच झोंबला. मग गौरम्माचं ओलं बोट दिसलं आणि त्यांची मान खाली गेली. अक्कल आली, पण चारचौघांत नाक कापल्यावर!

"चुकलं माजं, गौरम्मा."

"आदी झाकण बसवा मालक, मग लावते कुंकू."

पाहुणे ताटकळले, पण झाकण बसलं, तार जमिनीत गेली आणि वीज बंद ठेवूनच पूजा झाली.

बंधुभगिनींनो, यंत्राची पूजा जरूर करा. पण जिथं आपलं बोट लावायची छाती होत नाही, तिथं पोटासाठी राबणाऱ्याचं बोट ढकलणं ही भक्ती नव्हे, शुद्ध भेकडपणा आहे!